तीनशे फुटांवरून

मार्चचा तिसरा आठवडा उलटला की कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर दोन प्रकारचे जीव येऊन बसतात. एक खांबावर बसतो, दुसरा घडीच्या खुर्चीवर. खांबावरचा तो ऑस्प्रे: पाच-साडेपाच फुटांचा पंखविस्तार, पांढरं पोट, डोळ्यांवरून मानेपर्यंत गेलेली काळपट पट्टी आणि खाण्यात माशाखेरीज दुसरं जवळजवळ काहीच नाही. तो दक्षिण अमेरिकेकडून हजारो मैल उडत आपल्या जुन्या घरट्यावर परतलेला असतो. खुर्चीवरचा तो स्वयंसेवक: बहुधा साठीपुढचा, निवृत्त, गळ्यात दुर्बीण आणि मांडीवर वही. तो वीस मिनिटं गाडीत बसून आलेला असतो. प्रवासाचा शीण मात्र दोघांपैकी याच्याच चेहऱ्यावर जास्त दिसतो.

२०१४ साली कनेक्टिकट ऑडुबॉन सोसायटीने ‘ऑस्प्रे नेशन’ नावाचा उपक्रम सुरू केला. राज्यातली घरटी नकाशावर आणायची आणि प्रत्येक घरटं कोणाच्या तरी नजरेखाली ठेवायचं, अशी कल्पना. ज्याच्या वाट्याला जे घरटं येईल, त्याने उन्हाळाभर जमेल तसं जाऊन पाहायचं. जोडी आली का, मादी अंड्यांवर बसली का, पिल्लं किती झाली, त्यांतली उडाली किती. एवढंच कळवायचं. पगार नाही, गणवेश नाही आणि अधिकार तर मुळीच नाही.

या स्वयंसेवकांत पोटजाती आहेत. पहिली बारसेवाल्यांची. घरट्यात काडी पडायच्या आत यांची नावं ठरलेली असतात, आणि नर कोणता, मादी कोणती हे उलटं निघालं तरी नाव बदलत नाहीत. दुसरी लेन्सवाल्यांची. एका झेपेचे हे शंभर फोटो काढतात आणि त्यांतल्या नव्वदांत शेपूट येतं. तिसरी हळव्यांची. यांना रोज एखाद्या पक्ष्याचा चेहरा उतरलेला दिसतो. चौथी जात दुर्मीळ आहे. माझ्या माहितीत तिचा एकच नमुना आहे, आणि तो म्हणजे आमचे नाना.

नाना पुण्याचे. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि नगरपालिका यांचे हिशेब तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लेखापरीक्षक जिथे जाईल तिथे त्याच्यापुढे आधी चहा येतो. नाना तो घेत नसत, कारण दोन दिवसांनी त्याच चहाच्या बिलावर आक्षेप काढायचा असे. ‘प्रमाणक जोडलेले नाही’, ‘दरपत्रके मागविल्याचे दिसून येत नाही’ आणि ‘खुलासा व्हावा’ या तीन वाक्यांवर त्यांनी कित्येक तालुक्यांची झोप उडवली. निवृत्तीनंतर ते मुलाकडे अमेरिकेत आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की या देशात आपल्याला तपासायला कोणी काही देत नाही.

मग त्यांनी घर तपासायला घेतलं. हीटर रात्री अडुसष्टवर का, चौसष्टवर काय बिघडतं? कोथिंबिरीच्या तीन जुड्या एकदम का आणल्या? नातवाच्या पियानोच्या क्लासला महिन्याला एवढे डॉलर जातात, तर तो वाजवतो ते नक्की काय, याचा खुलासा व्हावा. आवाज कधी चढायचा नाही. लेखापरीक्षकाला आवाज चढवावा लागत नाही. सून शांत स्वभावाची. गावच्या ग्रंथालयातल्या फळ्यावर ‘ऑस्प्रेच्या घरट्यांसाठी स्वयंसेवक हवेत’ अशी चिठ्ठी तिने एक दिवस पाहिली, तिथून काढली आणि नानांच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली. त्या मुलीने पक्षी संवर्धनासाठी केलेल्या या कामाची नोंद अजून कोणत्याही नकाशावर नाही.

प्रशिक्षणाला नाना कोट घालून गेले. तिथे सांगितलं, की घरट्यापासून तीनशे फूट लांब राहायचं. आवाज करायचा नाही, खायला घालायचं नाही, पक्षी काही चुकीचं करतोय असं वाटलं तरी मध्ये पडायचं नाही. पाहायचं आणि लिहायचं. बाकीच्यांनी दुर्बिणीबद्दल, पार्किंगबद्दल, डासांबद्दल विचारलं. नानांनी एकच प्रश्न विचारला, “अनियमितता आढळल्यास कळवायचं कोणाला?” समोरच्या बाईंना वाटलं, घरटं पडलं किंवा पिल्लू दोऱ्यात अडकलं तर, असं यांना म्हणायचंय. त्या हसून म्हणाल्या, “आम्हाला.” नानांना नियुक्तिपत्र मिळालं ते तेवढ्या एका शब्दात.

अमेरिकेत गाडी चालवायचा परवाना नानांनी काढलेला नाही, त्यामुळे शनिवारी त्यांना न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं. कनेक्टिकट नदी लाँग आयलंड साउंडला जिथे मिळते, तिथे ओल्ड लाइमच्या अंगाला ग्रेट आयलंडची खाजणं आहेत. भरतीचं पाणी गवतातून आत येतं आणि ओहोटीला चिखल सोडून जातं. त्यात ठिकठिकाणी खांब रोवलेत, खांबांवर फळ्यांची मचाणं आणि मचाणांवर काटक्यांचे ढीग. रॅकून चढू नये म्हणून खांबाला मध्यावर पत्रा गुंडाळलेला. नानांच्या वाट्याला यांतले दोन खांब. ‘खांब क्रमांक चार’ आणि ‘खांब क्रमांक सात’ हे आकडे त्यांचे त्यांनीच घातले. बारसेवाल्यांपैकी एक निवृत्त शिक्षिका शेजारीच खुर्ची टाकून बसायच्या. त्यांनी या जोड्यांना गोड गोड नावं दिली होती. नाना ती उच्चारत नसत. “नाव ठेवलं की लागेबांधे आले,” ते मला म्हणाले. “तपासणीला गेल्यावर सरपंचाला भाऊ म्हणायचं नसतं.”

पहिल्या वर्षी चार नंबरवर नर उतरला तेव्हा वाऱ्याने आमची तोंडं बधिर झाली होती. माकडटोपीतून फक्त नानांचे डोळे आणि चष्मा दिसत होता. त्यांनी घड्याळ पाहिलं, तारीख पाहिली आणि त्यांचा आवाज भरून आला.

“मार्चअखेर! बघ, हिशेब बंद व्हायच्या आत हजर. परिपत्रक नाही, स्मरणपत्र नाही, तरी तारीख पाळतो. आमच्याकडे काही पंचायत समित्यांचा मार्चअखेर जूनमध्ये यायचा.”

मादी काही दिवसांनी आली. ही जोडी हिवाळ्यात एकत्र राहत नाही. दोघं वेगवेगळी जातात, वेगवेगळी राहतात आणि वसंतात त्याच खांबावर भेटतात. शिक्षिकाबाईंना हे फार काव्यमय वाटलं. नानांना अगदी नेहमीचं वाटलं. त्यांची स्वतःची अर्धी नोकरी फिरतीवर गेली होती.

वही खास पुण्याहून आणलेली, अप्पा बळवंत चौकातली, लाल कापडी कण्याची. ऑनलाइन फॉर्म इंग्रजीत भरायचा आणि त्यात चार रकाने. खरा दप्तराचा कारभार वहीत, मराठीत, तोही सरकारी. पहिल्या पानावरची एक नोंद अशी आहे:

‘खांब क्र. ४. सकाळी ९.१०. सदर नर काटकी घेऊन आला. मादीने ती उजवीकडून काढून डावीकडे ठेवली. नराने पुन्हा उजवीकडे ठेवली. मादीने पुन्हा डावीकडे. सदर काटकी अखेर पाण्यात पडली. साहित्याचा अपव्यय. खुलासा व्हावा.’

ऑस्प्रे घर बांधताना नुसत्या काटक्यांवर भागवत नाही. किनाऱ्यावर जे सापडेल ते उचलतो. म्हणून नानांनी वहीत वेगळी पानं सोडून जडवस्तू नोंदवही उघडली. ‘मासेमारीचे जाळे, निळे, तुकडा: एक. लहान मुलाचे वाळूचे फावडे, लाल: एक. स्लिपर, डावी: एक. फुग्याची रिबीन: अंदाजे दीड फूट. प्लास्टिक पिशवी: एक, दुकानाचे नाव वाचता आले नाही.’ दर शनिवारी ते दुर्बिणीतून साठ्याची मोजदाद करायचे. मे महिन्यात एकदा स्लिपर दिसेना. नाना तासभर अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीविना निर्लेखन.’

याच मोजदादीत त्यांना सात नंबरच्या कडेवरून लोंबणारी मासेमारीची पारदर्शक दोरी दिसली. ही दोरी खरोखर वाईट. पिल्लाच्या पायाला एकदा वेढा पडला की ते सुटत नाही आणि उडायच्या वेळी तिथेच लटकतं. नानांनी रीतसर कळवलं. परवानगी असलेली माणसं दोन दिवसांत होडी घेऊन आली, दोरी कापून पाच मिनिटांत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना खुर्चीत सुन्न बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “उभ्या हयातीत पहिल्यांदा. आक्षेप काढला त्याच आठवड्यात अनुपालन!”

त्यांचं सगळ्यात मोठं दुःख अंड्यांचं. मचाण उंच, आपण खाली; घरट्यात किती अंडी आहेत ते दिसत नाही. मादी खोल बसली, तासन्‌तास उठेना, नर येऊन तिला थोडा वेळ सुट्टी देऊ लागला, की अंडी आहेत असं धरायचं. साधारण तीन असतात आणि पाच-सहा आठवडे उबवावी लागतात. “धरायचं?” नाना पहिल्या वर्षी म्हणाले. “प्रत्यक्ष पडताळणीशिवाय शिल्लक धरायची?” महिनाभर त्यांनी त्या रकान्यात ‘मादीच्या बसण्यावरून तसे दिसते, तथापि खात्री करता आली नाही’ असं लिहिलं.

आता काकूंविषयी. काकू मालवणच्या. लग्न होऊन पुण्याच्या शाकाहारी घरात आल्या, त्या दिवसापासून घरात मासा शिजला नाही. माहेरी गेल्या की तेवढ्यापुरतं. नानांच्या पक्ष्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. एकदा घरी कोणी नव्हतं म्हणून आमच्याबरोबर आल्या आणि विणकाम काढून बसल्या. तेवढ्यात नर मासा घेऊन आला. ऑस्प्रे मासा आडवा धरत नाही. एक पाय पुढे, एक मागे, माशाचं तोंड वाऱ्याच्या दिशेने. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं आणि तळव्यांना काटेरी खरबरीतपणा असतो, त्यामुळे निसटता मासाही सुटत नाही. काकूंनी मान वर करून चष्म्यावरून पाहिलं आणि दुर्बीण न लावता सांगितलं, “तारल्याच्या गोतातला दिसतो. काटे फार असणार. तेल सुटेल मात्र चांगलं.”

शिक्षिकाबाईंनी मासा ओळखला होता: मेनहेडन, इथले कोळी त्याला बंकर म्हणतात. हेरिंग, तारली यांच्याच कुळातला, काटेरी आणि तेलकट. त्यांनी नानांकडे आदराने पाहिलं. नाना बायकोकडे पाहत होते.

नर सरळ घरट्यावर उतरला नाही. शेजारच्या वाळक्या झाडावर बसला, मासा पायाखाली दाबला आणि डोक्यापासून खायला लागला. खांबावर मादी मान ताणून एकसारखी ओरडत होती. याने घाई केली नाही. डोकं संपवलं, चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी पुसली, मग उरलेला मासा घेऊन घरट्यावर गेला. मादीने तो त्याच्या पायातून ओढून घेतला आणि त्याच्याकडे पाठ केली.

नानांनी लिहिलं, ‘प्रवासभत्ता वजा जाता उर्वरित माल जमा.’

“मेला स्वार्थी!” काकू म्हणाल्या. “डोक्यातच तर सगळी चव. ते स्वतः खाल्लं आणि घरी काय आणलं, तर धड.”

“अगं, त्याला पुन्हा उडायला ताकद नको का?”

“घ्या, त्याची बाजू घ्या. आणि लिहा वहीत, काटे काढून दिले नाहीत म्हणून.”

तेव्हापासून काकू दर शनिवारी येतात. विणकाम आणतात, पण त्या स्वेटरची बाही दोन वर्षं कोपराच्या वर सरकलेली नाही.

नाना एरवी मितभाषी. पण एका विषयावर त्यांना थांबवता येत नाही, तो म्हणजे डीडीटी. मराठी मंडळाच्या पाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत कोणी सहज विचारतं, “काय नाना, इथे करमतं का?” नाना १९४० पासून सुरुवात करतात आणि १९७४ ला पोचेपर्यंत श्रीखंड संपलेलं असतं. प्रकरण मात्र सांगण्यासारखंच आहे. १९४० च्या दशकात न्यूयॉर्क ते बॉस्टन या किनाऱ्यावर ऑस्प्रेची हजारभर घरटी असावीत असा अंदाज आहे. १९५४ साली रॉजर टोरी पीटरसन ओल्ड लाइमला राहायला आले. ज्यांच्या पुस्तकांनी अमेरिकेला पक्षी ओळखायला शिकवलं, ते पीटरसन. त्यांच्या डोळ्यांदेखत आसपासची घरटी रिकामी होत गेली. जोड्या येत, अंडी घालत, बसत, पण पिल्लं होत नसत. पहिला वहीम रॅकूनवर गेला. म्हणून उंच खांब उभारले. खांबावरही अंडी फुटलीच.

इथे नाना खुर्ची पुढे ओढतात. “आता पद्धत बघ. पॉल स्पिट्झर नावाचा तरुण मुलगा. १९६८ च्या सुमाराची गोष्ट. त्याने मेरीलँडच्या घरट्यांतली चांगली अंडी आणून इथल्या माद्यांच्या पोटाखाली ठेवली. ती उबली! म्हणजे आई निर्दोष, जागा निर्दोष, रॅकून निर्दोष. दोष अंड्यात. पिकांवर आणि डासांवर मारलेलं डीडीटी पाण्यात, पाण्यातून माशांत, माशांतून मादीच्या अंगात. अंड्याचं कवच इतकं पातळ, की आई बसली की फुटणार. याला म्हणतात तपासणी. कागद बघून नाही, माल बदलून!”

१९७२ साली अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. १९७४ साली कनेक्टिकटमध्ये नांदती घरटी उरली होती ९. आज ती शेकड्यांनी मोजतात, आणि ग्रेट आयलंडला पीटरसनचंच नाव दिलंय. “आरंभीची शिल्लक नऊ,” असं म्हणताना नाना दर वेळी उजव्या हाताची चार बोटं आणि डाव्याची पाच दाखवतात.

त्या विषाशी नानांची जुनी ओळख. १९५३ साली भारतात हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली. नाना तेव्हा लहान होते. पाठीवर पंप घेतलेली माणसं घराघरांत डीडीटी फवारून जायची आणि भिंतीवर तारीख टाकायची. पुढची फेरी आली की जुन्या तारखेखाली नवी. “हिशेबाची गोडी मला त्या भिंतीने लावली,” ते म्हणतात. फवाऱ्याने गावचा हिवताप हटला, हेही ते सांगतात आणि लगेच, “दोन्ही बाजू लिहायच्या असतात. जमाही आणि नावेही.”

जूनमध्ये घरट्याच्या कडेवरून डोकी दिसू लागली. आधी एक, मग दोन, एका शनिवारी तीन. नानांनी ‘तथापि खात्री करता आली नाही’ ही ओळ आनंदाने सोडून दिली. ऑस्प्रेची अंडी एकदम फुटत नाहीत, एकेक दोन दिवसांच्या अंतराने फुटतात. त्यामुळे मोठं पिल्लू खरंच मोठं असतं आणि शेवटचं खरंच लहान. मासे भरपूर असले तर तिघंही वाढतात. त्या आठवड्यात पाऊस आणि वारा होता, पाणी गढूळ, नर रिकाम्या पायांनी परत येत होता. एक मासा आला तो मोठ्याने खाल्ला. दुसरा आला तो मोठ्याने आणि मधल्याने. तिसरं पुढे सरकलं की मोठं त्याच्या डोक्यावर टोच मारायचं आणि ते मान खाली घालून कडेला जायचं. आई समोर बसलेली होती, तिने काही केलं नाही.

नाना खुर्चीतून उठले. काय करायला उठले ते त्यांनाही माहीत नसावं. मध्ये तीनशे फूट चिखल आणि पाणी होतं. शिक्षिकाबाई हळूच म्हणाल्या, “आपण फक्त पाहायचं असतं.” नाना बसले.

रात्री मला फोन आला. “तुझ्या तिकडे ते दुकान आहे ना, मासे मिळतात ते?” मागून काकूंचा आवाज आला, “मी बारीक तुकडे करून देते, काटे काढून.” ज्या माणसाने जन्मात मासळीबाजाराची पायरी चढली नव्हती, तो मेनहेडनचा भाव विचारत होता. मी नियमाची आठवण करून दिली. नाना म्हणाले, “हो, हो. नियम बरोबर आहे. मी फक्त भाव विचारला.”

पुढच्या शनिवारी डोकी दोनच होती. वहीत आकडा आहे, दोन. शेऱ्याचा रकाना त्या ओळीत कोरा आहे.

ती दोन मात्र झपाट्याने वाढली. सातव्या आठवड्यात पंख फडफडवत मचाणावर हातभर वर उठायची आणि घाबरून खाली बसायची. एक दिवस वाऱ्याने मोठ्याला उचललं आणि ते उडालं. उतरायचं कसं हे ठाऊक नसल्याने बराच वेळ उडतच राहिलं. नाना उभे राहून ‘डावीकडे, डावीकडे’ असं पुटपुटत होते. हा सल्ला तीनशे फुटांवर ऐकू जाण्याइतका मोठा नव्हता, म्हणून नियमभंग धरला नाही.

ऑगस्टमध्ये आई आधी निघून गेली. ऑस्प्रेच्या घरात हीच रीत आहे. पिल्लं उडायला लागली की आई दक्षिणेची वाट धरते आणि बाप मागे राहून आठवडेच्या आठवडे मासे पुरवत राहतो. पिल्लं स्वतः मासा मारायला शिकेपर्यंत खांबावर बसून त्याच्या नावाने ओरडतात. मग तीही एकेकटी निघतात. आईबाप वाट दाखवायला नसतात, तरी कॅरिबियन समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचतात आणि तिथे दीडेक वर्ष राहून मगच उत्तरेला फिरतात. काकू या सगळ्यावर प्रसन्न होत्या. “डोकी खाल्ल्याचं फेडतोय,” त्या बापाकडे पाहून म्हणाल्या. नाना मुलांविषयी विचार करत होते. “नकाशा नाही, पत्ता नाही, पहिल्याच खेपेला पोचतात. आपल्याकडे सोळा वर्षांच्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत.” मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि ‘हे वहीत घेऊ नये’ असं मला सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये नाना-काकूही दक्षिणेकडे, म्हणजे पुण्याला जातात. तिथेही नानांना उसंत नाही. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर ऑस्प्रे येतो. तो अमेरिकेतला नव्हे, आशिया-युरोपच्या उत्तरेकडचा, हे नानांना पक्कं माहीत आहे. “शाखा वेगळी, खातं एकच,” ते म्हणतात. गेल्या हिवाळ्यात होडीवाल्याने पाण्यातल्या वाळक्या खोडावर बसलेला ऑस्प्रे दाखवायला होडी जवळ नेली, तर नाना ओरडले, “थांबव! तीनशे फूट!”

होडीवाल्याने वल्हं थांबवलं. “ओ आजोबा, एवढ्या लांबनं तर त्यो आमच्या दारातनंबी दिसतोय. मग पैसं कशापायी दिलं?”

होडीतल्या इतर मंडळींचंही तेच मत होतं. नानांनी त्यांना १९४० पासून सांगायला घेतलं. पक्षी कंटाळून उडून गेला.

मधल्या काळात इकडे कनेक्टिकटला नानांची सून मला भेटली. “नाना किती बदलले हो,” ती म्हणाली. “गेल्या वर्षभरात हीटरबद्दल नाही, फ्रिजबद्दल नाही, एक अक्षर बोलले नाहीत. पक्ष्यांनी चमत्कार केला.” मलाही ते पटलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या कारभारात बोट घालणाऱ्या माणसाला हात मागे बांधून बघायला कोणी शिकवलं असेल, तर त्या दोन खांबांनी.

महिन्याभराने तिचाच फोन आला. नानांच्या खोलीत झाडलोट करताना लाल कण्याची वही सापडली होती. पुढून उघडली तर पक्षी. मागून उघडली तर घर.

‘सोमवार. नर सकाळी ७.४० ला बाहेर, न्याहारीविना. मादी ७.५५. पिल्लू एक, मोबाइलवर. हीटर ६८. निरीक्षकाने हस्तक्षेप केला नाही.’

‘गुरुवार. नर रात्री ९ ला परत. मादीने पाठ केली. कारण समजून आले नाही. हस्तक्षेप केला नाही.’

‘शनिवार. फ्रिजमधील कोथिंबीर: जुड्या तीन, पैकी दोन पिवळ्या. तीन फुटांवरून प्रत्यक्ष पडताळणी केली. खुलासा व्हावा. हस्तक्षेप केला नाही.’

अशी चाळीस पानं. मला वाटलं, आता मार्चमध्ये विमानतळावरच स्फोट होणार. पण सूनही दोन वर्षं त्याच घरात राहत होती आणि दप्तराची भाषा तिच्याही कानावरून गेली होती. नाना परतले, वही घेऊन माझ्या गाडीत बसले आणि मागचं पान उघडून काही न बोलता माझ्यापुढे धरलं. कोथिंबिरीच्या नोंदीखाली हिरव्या शाईत लिहिलं होतं:

‘अनुपालन: पिवळ्या जुड्या टाकून दिल्या. यापुढे एका वेळी एकच जुडी आणण्यात येईल. सबब आक्षेप वगळावा, ही विनंती.’

त्याखाली नानांची सही, परतल्याची तारीख आणि शेरा:

‘अनुपालन मान्य. आक्षेप निकाली. उर्वरित ४३ प्रलंबित.’